सुपरहिरोंचे विनोद, डूमचा मुखवटा आणि पावशेर कुंद्याची पैज : वाचकांचे प्रश्न

मार्व्हल आणि डीसी या दोन अमेरिकी कंपन्यांच्या सुपरहिरोपटांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांत काही सिनेमांचे शेवट उघड होतात. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांनी बेतानं वाचावं.

आमच्या कट्ट्यावर रोज एकच वाद. एक गट म्हणतो, मार्व्हलनं विनोद घालून घालून सगळ्याचा तमाशा केला. दुसरा म्हणतो, विनोद नसला की डीसीसारखं सुतक वाटतं. बरोबर कोण? पुराव्यानं सांगा.
— शहापूर, बेळगाव

आधी तमाशाची बाजू घेतो. मुरलेल्या सोंगाड्याला बतावणीत किती ताणायचं आणि वगात कुठं गप्प बसायचं हे पक्कं ठाऊक असतं. तुमच्या वादाची गोमही तिथंच आहे. दोन्ही गट विनोद किती झाले ते मोजतायत. बघायचं असतं ते विनोद पडला कुठं.

दोन प्रसंग घ्या, दोन्ही २०१७ सालचे आणि दोन्ही मार्व्हलचेच. ‘थॉर: रॅग्नारॉक’च्या शेवटी थॉरचं राज्य असगार्ड जळतंय आणि उरलीसुरली प्रजा जहाजातून ते बघतेय. कोर्ग नावाचा दगडी गडी धीर देतो की पाया शाबूत आहे तोवर पुन्हा बांधता येईल. एवढ्यात सगळंच फुटतं आणि तो म्हणतो, नाही, पायाही गेला, सॉरी. थिएटरात हशा ठरलेला. पण ज्यांचं अख्खं गाव गेलं त्यांच्या दुःखासाठी असलेले चार सेकंद त्या हशानं खाल्ले. पुढं ते दुःख त्या सिनेमात परत येत नाही.

आता ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’चा दुसरा भाग. योंडू आपल्या बाणाला धरून तरंगत खाली येतोय. त्यानंच वाढवलेला क्विल म्हणतो, तू मेरी पॉपिन्ससारखा दिसतोस. मेरी पॉपिन्स म्हणजे जुन्या सिनेमातली छत्री धरून उडत येणारी आया. योंडूला ती कोण हे माहीत नाही. तो विचारतो, “भारी माणूस आहे का तो?” क्विल क्षणभर थांबतो, चूक दुरुस्त करत नाही आणि सांगतो, हो, भारीच. मग योंडू छाती फुगवून ओरडतो की मीच मेरी पॉपिन्स! काही मिनिटांनी हाच योंडू क्विलसाठी जीव देतो. त्या विनोदात पोरानं म्हाताऱ्याचा मान राखलेला असतो, म्हणून मरण जड होतं. तो विनोद काढला तर मरणच हलकं पडेल. कोर्गचं वाक्य काढलं तर काहीच हलत नाही, उलट प्रसंग सुधारतो.

कट्ट्यावर निकाल लावायचा असेल तर दुसऱ्यांदा बघताना वही घ्या आणि तीन रकाने आखा: मिनिट-सेकंद, कोण कुणाला बोललं, आणि आधीच्या अर्ध्या मिनिटात काय घडलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. तिथं मरण, कबुली किंवा निरोप असेल तर ते वाक्य मनातल्या मनात पुसून प्रसंग पुन्हा चालवून बघा. नुकसान झालं तर विनोद पास. रील्सचे तुकडे पुरावा म्हणून धरू नका, कारण ते अर्धं मिनिट नेमकं कापलेलं असतं. पहिल्या दिवशीचा पहिला खेळही धरू नका, कारण हशात पुढची दोन वाक्यं बुडतात.

‘एन्डगेम’मधल्या ढेरपोट्या थॉरवर आमच्यातही एकमत नाही. माझ्या मते ढेरीवरचे टोमणे निम्मे चालले असते. पण तो इतका घसरलेला नसता तर आईला भेटल्यावर, फक्त लायक माणसाच्या हाती येणारा तो हातोडा त्याच्या हाती येतो तेव्हा अंगावर काटा आला नसता.

‘जस्टिस लीग’ दोनदा का आला? मित्र म्हणतो, पहिल्यातले विनोद नंतर चिकटवलेत. ओळखायचं कसं?
— चिकोडी

मित्राचं खरं आहे. घरातल्या दुःखामुळे दिग्दर्शक झॅक स्नायडर यांनी काम अर्ध्यावर सोडलं. जॉस व्हीडन यांनी बराच भाग नव्यानं चित्रित करून २०१७ मध्ये दोन तासांचा सिनेमा पूर्ण केला. स्नायडर यांची चार तासांची आवृत्ती २०२१ मध्ये आली. फ्लॅश धडपडून वंडर वुमनच्या अंगावर पडतो हा विनोद पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही.

त्या सिनेमापुरती एक हमखास खूण म्हणजे सुपरमॅनचा वरचा ओठ. पुनर्चित्रणाच्या वेळी हेन्री कॅव्हिलनं दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवली होती आणि ती काढायची परवानगी नव्हती. मग संगणकावर मिशी पुसली. जिथं ओठ सुजल्यासारखा आणि हसताना आखडलेला दिसतो, तो भाग नंतरचा. अगदी सुरुवातीला पोरं मोबाइलवर सुपरमॅनची मुलाखत घेतात, तिथंच बघा.

इतर सिनेमांत तोंडाकडे लक्ष ठेवा. विनोदी वाक्य येतं तेव्हा बोलणारा पाठमोरा आहे, मुखवट्यात आहे, की कॅमेरा भलत्याच माणसावर आहे? तसं असेल तर ते वाक्य नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं असू शकतं. चाचणी-खेळात प्रेक्षक कंटाळलेले दिसले की स्वस्तातला उपाय हाच, कारण सेट पुन्हा उभारावा लागत नाही. मात्र हा नुसता संशय म्हणा. चित्रीकरणाच्या जागी गोंगाट असला तरी वाक्यं पुन्हा बोलून घेतातच.

आणि आयत्या वेळचं सगळं वाईट असतं असंही नाही. ‘रॅग्नारॉक’मध्ये हल्कला बघून थॉर आनंदानं ओरडतो की हा माझ्या कामावरचा दोस्त आहे. ते वाक्य सेट बघायला आलेल्या एका आजारी मुलानं सुचवलेलं होतं.

हिंदीत डेडपूल पोट धरून हसवतो, खरं थॉरचे विनोद तसे बसत नाहीत. भाषांतर करणारे वेगळे असतात काय?
— निपाणी

मुख्य फरक मुखवट्याचा. डबिंगमध्ये ओठ जुळवावे लागतात. पडद्यावर ओठ मिटले की तिथं प, ब, म यांपैकी काहीतरी यावं लागतं, आणि वाक्याची लांबीही तेवढीच ठेवावी लागते. थॉरचं तोंड उघडं, म्हणून लेखकाचे हात बांधलेले. डेडपूल, स्पायडरमॅन यांची तोंडं झाकलेली, त्यामुळे लांबी सांभाळून काहीही बोलवता येतं. ‘डेडपूल २’च्या हिंदी आवृत्तीत रणवीर सिंगनं ती मोकळीक पुरेपूर वापरली.

दुसरी अडचण व्याकरणाची. इंग्रजी विनोदात बहुतेक वेळा दणका देणारा शब्द अगदी शेवटी असतो. हिंदीत, आपल्या मराठीतही, त्यामागून क्रियापद येतं. फटाका फुटल्यावर ‘है’ची वात जळत राहते. चांगला भाषांतरकार क्रियापद गाळतो किंवा वाक्य उलटं करतो. घाईत केलेल्या कामात ते राहून जातं.

पहिल्यांदा घरच्यांबरोबर हिंदीत बघा, दुसऱ्यांदा इंग्रजीत. हिंदी आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं ही भेसळ मात्र करू नका. अख्खं वाक्य आधीच पडद्यावर येतं, डोळे पुढं पळतात आणि आवाज पोचेपर्यंत विनोद शिळा झालेला असतो.

मार्व्हलचा खलनायक कांग जाऊन डूम आला. आमच्यातला एकजण छातीठोक सांगतोय, डूम म्हणजे टोनी स्टार्कच, कॉमिक्समध्ये आहे. पैज लावावी काय?
— खानापूर

लावायचीच तर पावशेर कुंद्याची लावा, त्याहून मोठी नको.

आधी घडलं ते क्रमानं. जुलै २०२२ मध्ये मार्व्हलनं ‘अ‍ॅव्हेंजर्स: द कांग डायनॅस्टी’ आणि ‘सीक्रेट वॉर्स’ हे दोन सिनेमे २०२५ साठी जाहीर केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘अँटमॅन’च्या तिसऱ्या भागात कांग मुख्य खलनायक म्हणून आला, सिनेमा फारसा चालला नाही. त्याच वर्षी हॉलिवूडच्या लेखकांचा संप १४८ दिवस आणि कलावंतांचा ११८ दिवस चालला. डिसेंबरात कांग करणारे जोनाथन मेजर्स न्यायालयात दोषी ठरले आणि मार्व्हलनं त्यांना काढलं. जुलै २०२४ मध्ये, आधी टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅन केलेले रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी मंचावर डूमचा मुखवटा काढला. आता ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ची जाहीर तारीख १८ डिसेंबर २०२६ आणि ‘सीक्रेट वॉर्स’ची १७ डिसेंबर २०२७ आहे. म्हणजे कॉमिक्स तोंडपाठ असणारे २०२२ मध्ये कांगवर पैज लावून बसले असते, त्यांचं वाचन बरोबर असूनही ते हरले असते.

म्हणून अंदाज बांधताना कॉमिक्स शेवटी उघडा. पहिला प्रश्न हक्कांचा. एक्स-मेन आणि फँटॅस्टिक फोर फॉक्स स्टुडिओकडे होते, आणि डूम हा फँटॅस्टिक फोरचा खलनायक. मार्व्हलची मालक डिस्ने, तिनं मार्च २०१९ मध्ये फॉक्सचा तो व्यवसाय घेतला, त्याआधी डूम अ‍ॅव्हेंजर्सच्या गोष्टीत येणंच शक्य नव्हतं. स्पायडरमॅनचे चित्रपट-हक्क अजून सोनीकडे आहेत. २०१९ मध्ये सोनी आणि डिस्नेचं काही आठवडे फाटलं होतं, तेव्हा पुढच्या गोष्टीचे सगळे तर्क एका रात्रीत रद्दी झाले. दुसरा प्रश्न नटांचा. मार्च २०२५ मध्ये मार्व्हलनं पाच तासांहून जास्त वेळ नुसत्या खुर्च्या दाखवत ‘डूम्सडे’ची नावं जाहीर केली. त्यात पॅट्रिक स्टुअर्ट, इयन मॅकेलन, जेम्स मार्सडन ही फॉक्सच्या जुन्या एक्स-मेनची मंडळी होती. विश्वं एकमेकांवर आदळणार हा तर्क या यादीतून निघतो, म्हणून त्यात दम आहे. तिसरी तारीख. ती सरकली की गोष्टही हलली असं समजा. ‘ब्लेड’ २०१९ मध्ये जाहीर झाला आणि २०२४ मध्ये वेळापत्रकातून बाहेर पडला.

आता तुमच्या दोस्ताचा मुद्दा. मंचावर डाउनी यांची ओळख व्हिक्टर फॉन डूम अशी करून दिली होती. १९६२ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या पाचव्या अंकात आला तोच हा, लाटव्हेरिया या काल्पनिक देशाचा. २०१५ च्या ‘सीक्रेट वॉर्स’ कॉमिक्समध्ये सगळी विश्वं संपतात, उरल्यासुरल्या तुकड्यांचं एक जग डूम बांधतो आणि त्याचा देव होऊन बसतो. तिथंही तो व्हिक्टरच असतो. चेहरा सारखा का, याचं काहीतरी कारण सिनेमा देईल असं मला वाटतं. पण ‘तो टोनीच’ एवढं सरळ नसेल. दोस्ताला कॉमिक्सचा अंक काढून दाखवायला सांगा.

आणि श्रेयनामावलीनंतरच्या तुकड्यांवर तर बिलकूल पैज नको. थॅनोस हा खलनायक २०१२ मध्ये दिसला, खरा भिडला २०१८ मध्ये. अ‍ॅडम वॉरलॉकची कोशपेटी २०१७ मध्ये दाखवली, तो आला २०२३ मध्ये. ‘इटर्नल्स’च्या शेवटी गायक हॅरी स्टाइल्स येऊन गेला, ‘थॉर: लव्ह अँड थंडर’च्या शेवटी हर्क्युलिस येऊन गेला. त्या वायद्यांची वसुली कधी, हे विचारत बसायचं नाही.

चौदा वर्षांच्या भाच्याला डेडपूलला न्यावं काय? मामा बरोबर असला तर सोडतात म्हणे.
— हुक्केरी

नाही. ‘ए’ प्रमाणपत्र म्हणजे अठराखालच्यांना प्रवेश बंद, मामा असो की बाप. पालकांनी ठरवायचं ते ‘यूए’ला. त्यात आता ७, १३ आणि १६ वर्षांवरील अशा पायऱ्या आहेत आणि तो आकडा प्रमाणपत्रावरच छापलेला असतो. तिकीट काढण्याआधी बघा, दारातून परत पाठवलं तर पोराचं तोंड बघवत नाही.

गणपतीत मंडळासमोर सुपरहिरोंवर प्रहसन करायचं आहे. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे आहेत. विनोद सगळ्यांना कसा पोचवायचा?
— येळ्ळूर

बारा मिनिटं, चार पात्रं, त्याहून जास्त नको. संहिता लिहून झाली की उभं राहून मोठ्यानं म्हणा आणि घड्याळ लावा. तालमीत नऊ मिनिटं भरली तर हशा धरून बारा होतात.

आवाज आधी ध्वनिमुद्रित करून वर नुसते हातवारे करायचा मोह होईल, तो टाळा. लोक हसले तरी ध्वनिफीत थांबत नाही आणि पुढचे दोन विनोद हशाखाली जातात. जिवंत बोललात तर हशा निम्म्यावर येईपर्यंत थांबता येतं. पूर्ण शांत होईपर्यंत मात्र थांबू नका, जोर जातो. मुखवट्याचं तोंड कापून मोकळं ठेवा. पूर्ण बंद मुखवट्यात माइक ठेवला तर आवाज घुमतो आणि श्वासाची सूंसूं तेवढी ऐकू येते.

भाषेचं असं करा: गोष्ट मराठीत चालवा, दणका कन्नडमध्ये द्या, आणि तो एकाच शब्दाचा ठेवा. जगाचा नाश करायला आलेला खलनायक दहा ओळींचं भाषण ठोकतो, “या पृथ्वीचा रक्षक कोण?” असं गरजतो, आणि बसस्टॉपवर पिशवी घेऊन उभी असलेली म्हातारी मान न वळवता म्हणते, “गोत्तिल्ला,” म्हणजे ठाऊक नाही. हे दोन्हीकडच्यांना कळतं, भाषांतर लागत नाही. वर सांगितलेली व्याकरणाची अडचणही इथं येत नाही, कारण मागून काही यायचंच नसतं. तोच शब्द तीनदा वापरा: तिला विचारल्यावर, मग पोलिसाला विचारल्यावर, आणि शेवटी त्याच म्हातारीनं खलनायकाला “घरी जायची शेवटची बस किती वाजता?” विचारल्यावर त्याच्या तोंडून. चौथ्यांदा नको.

सीमाप्रश्नावरचं वाक्य घालू नका. टाळी मोठी पडते, खरं त्यानंतर प्रहसनाची सभा होते आणि खलनायकाचा शेवटचा “गोत्तिल्ला” कुणाला ऐकूच येत नाही.