गोल्फच्या ब्लेड क्लबचा जुना सेट घेऊ का? (माझ्या मते नको)

"फोर्ज्ड ब्लेडचा वापरलेला सेट 20 हजारांत मिळतोय, महिन्यातून दोनदा खेळणार, घेऊ का?" ही तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. नऊ वर्षांपूर्वी पुण्यात मी नेमका हाच उद्योग केला होता.

आधीच सांगतो, मी कोच नाही. हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) विचारू नका, लाज वाटते.

ब्लेड म्हणजे पातळ पाठीचे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या), फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले. ब्लेडचं डोकं बारीक, वजन सगळं मधे. चेंडू जरा टोकाकडे लागला की मनगटाला झिणझिण्या आणि चेंडू झुडपात. कॅव्हिटी बॅकमध्ये (डोक्याच्या मागे खोलगट असलेला क्लब) वजन कडेला पसरलेलं असतं, चुकीचा फटकाही बऱ्यापैकी जातो. पण मला बुडवलं ते ब्लेडने नाही, शाफ्टने, म्हणजे क्लबच्या दांड्याने. ग्रिपच्या खाली पट्टीवर इंग्रजी 'एस' होता. मला वाटलं, साइज असेल! तो स्टिफ, म्हणजे न वाकणारा कडक. माझ्यासारख्या सावकाश स्विंगच्या माणसाला 'आर', म्हणजे रेग्युलर हवा होता. सेव्हन आयर्नने (मधल्या अंतराचा क्लब) चेंडू जेमतेम शंभर यार्ड जायचा, तोही खाली आणि उजवीकडे. सहा महिने कोचची फी भरून मी स्वतःचा स्विंग दुरुस्त करत बसलो! शेवटी एका कॅडीने (मैदानावर क्लब वाहणारा) क्लब हातात घेऊन सांगितलं, "साहेब, ही काठी तुम्हाला वाकतच नाही."

दुकानात परत गेलो तर "वापरा, सवय होईल". आठही शाफ्ट बदलायचा खर्च विचारला, तो सेटच्या किमतीपर्यंत गेला. आयुष्यभर चपलांच्या दुकानात दोन पावलं चालून बघितल्याशिवाय पैसे दिले नाहीत, आणि इथे एक चेंडू न मारता रोकडा मोजला. दुकानदाराला तरी काय बोलणार. (बोललो होतो, ते इथे लिहिता येणार नाही.)

तर विकणारा रेंजवर (सरावाच्या मैदानावर) नेऊन दहा चेंडू मारू देत असेल तरच व्यवहार करा. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने जाड ठिपका काढा, ठिपका वर ठेवू नका, क्लबच्या बाजूला ठेवा. फेसवर (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) उमटलेला डाग बघितला की कुठे लागतंय ते लगेच कळतं.

चौदा क्लबही नकोत. नियमात 14 ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही. एक हायब्रिड (लांबच्या फटक्याला, मारायला सोपा), सहा ते नऊ आयर्न, पिचिंग आणि सँड वेज (जवळच्या आणि वाळूतल्या फटक्यांना), पटर (चेंडू होलमध्ये ढकलायला). ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा) नंतर, आणि घेतलात तर लॉफ्ट, म्हणजे फेसचा तिरकेपणा, साडेदहा अंश किंवा जास्त. नऊचा स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका. पटर मात्र स्वतः धरून निवडा: पार 72 च्या (अठरा होलांना अपेक्षित फटके) हिशोबात 36 फटके पटचेच धरलेले असतात आणि लोक पैसे ड्रायव्हरवर उधळतात. जुन्या सेटच्या ग्रिप कडक झालेल्या असतात, त्या बदलायचा खर्च भावातून कमी करून घ्या. चेंडू नवे घेऊ नका, हरवणारच आहेत.

तुमच्या फोटोत डोकी चकचकीत दिसली. शाफ्टवरच्या पट्टीचा फोटो टाका, मग बोलू.