पावसात डिश रुसते तेव्हा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मृग लागला की आमच्या टपालात टीव्हीच्या डिशच्या तक्रारी वाढतात. बहुतेक पत्रांत दोन वेगळे दोष एकत्र झालेले असतात: आकाशातला पाऊस आणि वायरीत शिरलेला पाऊस. पहिल्यावर इलाज थोडा, दुसऱ्यावर पुरेपूर.

पाऊस कोसळू लागला की टीव्ही दहा-पंधरा मिनिटे बंद पडतो, सर ओसरली की आपोआप सुरू होतो. डिश ६० सेंटिमीटरची आहे. बसवणारा म्हणतो ९० ची घ्या. घ्यावी का? (वाळपई)

सर ओसरताच चित्र परत येते, म्हणजे तुमच्या सामानात बिघाड नाही. आपल्याकडच्या डीटीएच (उपग्रहावरून थेट घरी येणाऱ्या) सेवा केयू बँडवर, म्हणजे ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात. ही लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीची. पावसाचे थेंब तिची थोडी शक्ती शोषतात आणि थोडी इकडेतिकडे उधळतात. ताशी ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल तर दर किलोमीटरला सुमारे अडीच डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचे माप) जातात. ताशी १०० मिलिमीटरला साडेपाच. पाऊस दुप्पट झाला की नुकसान दुपटीहून अधिक होते.

पावसाळ्यात आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाणी असते, त्यावर बर्फ. आणि बर्फ या लहरींना फारसा अडवत नाही. तिरक्या वाटेने येणाऱ्या सिग्नलला पावसातून पाच ते सात किलोमीटर कापावे लागतात. सर सगळ्या वाटेवर सारखी नसते, म्हणून सरळ गुणाकार करू नका. तरी मोठ्या सरीत दहा डेसिबल सहज जातात, म्हणजे सिग्नल एक दशांश उरतो. ६० सेंटिमीटरच्या डिशजवळ एवढी शिल्लक नसते.

९० सेंटिमीटरच्या डिशचे क्षेत्रफळ सव्वादोनपट, फायदा साडेतीन डेसिबल. मध्यम सरी त्यात निभावतील, ढगफुटीसारखा पाऊस मात्र तरीही चित्र घालवेल. सत्तरीत घाटालगत पाऊस जास्त, तेव्हा खर्च अगदीच वाया नाही. पण वाऱ्याचा दाबही सव्वादोनपट होतो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) फुगला की चिरा फुटतो किंवा भोक सैल पडते. मोठी डिश काँक्रीटच्या स्लॅबवर किंवा लिंटेलवर बसणार असेल तरच घ्या. कमी नॉइजचा महागडा एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) घेऊन पावसात नजरेत भरेल असा फरक पडत नाही. ते पैसे वाचवा.

(केबलवाल्यांच्या भल्यामोठ्या डिश पावसातही चालतात, कारण त्या सी बँडच्या असतात. ४ गिगाहर्ट्झला लहर साडेसात सेंटिमीटरची, तिला थेंब फारसे जुमानावे लागत नाहीत.)

रिमझिम पावसातही सिग्नल जातो. पाऊस थांबला तरी ऊन पडेपर्यंत येत नाही. (काणकोण)

हा आकाशातला पाऊस नव्हे. एलएनबीजवळच्या एफ कनेक्टरमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाच्या पेचाच्या जोडात, पाणी शिरले आहे, शंभरातल्या नव्वद वेळा तरी हेच निघते. किनाऱ्यावर खारी हवा, त्यामुळे गंज लवकर धरतो. काम कोरड्या दिवशी करा. शेवाळलेल्या गच्चीवर किंवा ओल्या कौलांवर चढू नका.

आधी सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढा. वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि हात लावताना शॉर्ट झाला तर बॉक्सच जायचा. कनेक्टर उघडा. मधल्या तारेवर हिरवी-पांढरी भुकटी किंवा वायरीच्या सालीखालची तारांची जाळी काळी पडलेली दिसली तर नुसते पुसून चालणार नाही. पाणी जाळीतून केशाकर्षणाने आत ओढले जाते. एक वीत वायर कापा, जाळी अजून काळी असेल तर आणखी एक. मीटरभर कापूनही चकाकी दिसेना तर वायर पूर्ण बदला: आरजी-६ (डिशसाठी वापरतात ती गोल वायर), जाळी दाट असलेली. चांगल्या आरजी-६ मध्येही १०० मीटरला एक गिगाहर्ट्झवर सुमारे २० डेसिबल जातात, तेव्हा गुंडाळी करून जास्तीची वायर ठेवू नका.

नवे टोक करताना ६ मिलिमीटर मधली तार उघडी ठेवा, तिच्यामागे ६ मिलिमीटर पांढरा फोम, आणि जाळी मागे उलटवा. जाळीचा एक केसही मधल्या तारेला टेकता कामा नये. कनेक्टर शक्यतो दाबून बसवायचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा घ्या. पिळून बसवायचे कनेक्टर खाऱ्या हवेत सैल पडतात. बसवल्यावर फोम कनेक्टरच्या तळाशी सपाट दिसावा आणि तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी. हाताने घट्ट करा, मग ११ नंबरच्या पान्याने पाव फेरा.

आता टेप. साधी काळी पीव्हीसी टेप एकटी पुरत नाही, तिचा गोंद उन्हात सुटतो. सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप दुप्पट लांब होईपर्यंत ताणून, अर्धी-अर्धी एकमेकीवर येईल अशी गुंडाळा. सुरुवात खालच्या बाजूने करा, वर चढत जा. कौले शाकारतात त्याच रीतीने, म्हणजे सांध्यात पाणी शिरत नाही. त्यावर उन्हापासून रक्षणासाठी पीव्हीसी टेपचा एक थर. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन लावू नका, त्यातले आम्ल तांबे खाते.

शेवटी वायर घरात शिरते त्या भोकाच्या खाली तिचा एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी गळून पडतो. भोक बाहेरून आत चढते पाडा. जांभा पाणी पितोच, निदान वायरीवरून तरी ते आत आणू नये.

शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीची डिश आहे. त्याचा टीव्ही चालू असतो तेव्हा आमचा बंद. आमच्याकडेच का? (फोंडा)

उपग्रह वेगळा, वाट वेगळी. गोव्यातून टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर दिसतो, डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांवरचा ६१ वर, तर एअरटेलचा १०८.२ चा फक्त ४७ अंशांवर. जितका खाली, तितकी पावसातली वाट लांब. शिवाय प्रत्येक उपग्रहाची गोव्यावरची शक्ती वेगळी.

पण कंपनीला दोष देण्याआधी डिशची दिशा तपासा. ६० सेंटिमीटरची डिश दीड अंश सरकली की निम्मी शक्ती जाते. मे महिन्यात ते कळत नाही, चित्र स्वच्छ असते. जूनमध्ये तीच हरवलेली शिल्लक नडते. निरभ्र दिवशी बॉक्सच्या मेनूमध्ये सिग्नल क्वालिटीचा आकडा लिहून ठेवा. स्ट्रेंग्थकडे बघू नका, चित्र क्वालिटीवर टिकते. डिशचे बोल्ट किंचित सैल करून ती बोटभर डावी-उजवी, मग वर-खाली हलवा. प्रत्येक हालचालीनंतर पाचेक सेकंद थांबा, आकडा उशिरा बदलतो. सर्वांत वरच्या आकड्यावर आवळा; आवळताना तो उतरला तर पुन्हा.

माड वाढले आहेत का तेही पाहा. ओली चुडते सिग्नल चांगलाच खातात. फ्री डिशसाठी झाडाचा शेंडा डिशपेक्षा दहा मीटर उंच असेल तर झाड आग्नेयेला साडेपाच मीटरहून दूर हवे. एअरटेलसाठी पूर्व-आग्नेयेला साडेनऊ मीटर. वाऱ्यात माड झुकतो, तेव्हा दोन मीटर जास्तच धरा.

एचडी चॅनल आधी जातात, साधे टिकतात. बॉक्स खराब आहे का? (म्हापसा)

नाही. एचडी चॅनल बहुधा ज्या पद्धतीने पाठवतात तिच्यात कमी जागेत जास्त माहिती बसवलेली असते, म्हणून त्यांना स्वच्छ सिग्नल लागतो. पावसात ती पातळी आधी तुटते. मात्र कोरड्या दिवशीही चॅनलांचा एक ठरावीक गट कायम गायब असेल, तर एलएनबीपर्यंत १८ व्होल्ट पोचत नसावेत; काही चॅनल त्यावरच येतात. कनेक्टर पाहा.

एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधावी का? (पेडणे)

बांधू नका. कोरडे प्लास्टिक सिग्नल अडवत नाही, पण त्यावर साचलेला पाण्याचा पातळ थर अडवतो, आणि आत घाम धरून कनेक्टर सडतो. एलएनबीच्या तोंडावरची पांढरी टोपी तडकलेली नाही एवढे पाहा. तडकली असेल तर एलएनबी बदला. टोपीवर गाडीचे मेण चोळले तर पाणी थर न धरता थेंबांनी गळते. डिशच्या पृष्ठभागावरचे शेवाळ मऊ फडक्याने पुसा, घासणी वापरू नका.

गडगडाट सुरू झाल्यावर नुसता टीव्ही बंद केला तर पुरे? (सांगे)

पुरे नाही. बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा आणि डिशची वायरही बॉक्सपासून सोडवा, तीही गडगडाट जवळ येण्याआधी. वीज डोक्यावर असताना वायरीला हात लावू नका. मान्सूनच्या आधी मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये हे विशेष पाळा. डिशच्या खांबाला अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि ते घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेले आहे ना हे त्याला विचारा. खांबापाशी वेगळा खिळा ठोकून सोडून दिलेले अर्थिंग धोका वाढवते.