आई गेलेल्या तान्ह्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर काय परिणाम होतो?

बाळंतपणानंतर काही दिवसांतच आपली भावजय वारली, बाळ आता महिन्याचे आहे, आणि आजी, आत्या व मावशी त्याला आळीपाळीने आपापल्या घरी ठेवणार आहेत. याचा त्याच्या मेंदूवर परिणाम होईल का, असे आपण विचारले आहे. मी नवजात शिशू विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे. बाळ तुमच्या घरी नीट वाढू शकते, पण आळीपाळीचा हा बेत मला पसंत नाही.

पोटात असताना ऐकलेला आईचा आवाज नवजात बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा पसंत करते, हे १९८० साली प्रयोगात दिसले होते. त्यामुळे बाळाला काहीच कळत नाही, हे म्हणणे बरोबर नाही. तरीही मेंदूची घडण केवळ आईच्या रक्तावर नव्हे, रोजच्या सांभाळावरही अवलंबून असते. माँट्रियल येथील संशोधनात, पिल्लांना कमी चाटणाऱ्या उंदरीची पिल्ले जन्मतःच जास्त चाटणाऱ्या उंदरीकडे दिली, तेव्हा मोठेपणी ती सांभाळणारीसारखी, म्हणजे कमी घाबरट निघाली. बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. उचलून घेणारे कोणी असले की ताणाचे संप्रेरक उतरते, आणि वारंवार तसे कोणी आले नाही तर मेंदू त्या ताणातच घडत जातो.

माणसांबाबतचा सर्वांत भक्कम पुरावा रोमानियाचा आहे. तेथील अनाथाश्रमांत एकेका दाईकडे अनेक मुले असत आणि पाळी बदलली की माणूसही बदले. बुखारेस्टमध्ये २००० नंतर अशा १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून पालक कुटुंबांत पाठवले गेले. त्यांची बुद्धिमत्ता आश्रमात राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. तेथील उपेक्षा भयंकर होती, त्यामुळे तुमच्या बाळाची त्या मुलांशी तुलना करून घाबरू नये. मात्र माणसे सतत बदलण्याबद्दलचा इशारा तिथूनच घ्यावा.

म्हणून बाळाने एकाच घरी राहावे, एकाच व्यक्तीने मुख्य जबाबदारी घ्यावी आणि मदतीला येणाऱ्यांनी त्या घरी यावे. बहुधा आजीच पुढे होतील, परंतु वडिलांना बाजूला ठेवू नका (आपल्याकडे ते सर्रास होते). उघड्या छातीवर बाळ घेऊन बसणे त्यांनाही जमते. दूध वाटी-चमच्याने पाजा किंवा बाटलीने, पाजणाऱ्याचा चेहरा वीतभर अंतरावर आणि बाळाकडे असावा, कारण या वयात त्याला तेवढेच नीट दिसते. टीव्हीकडे पाहत पाजण्याची सवय मात्र मोडावी.

एक गोष्ट वेगळी तपासून घ्या. बाळंतपण अवघड होऊन बाळ उशिरा रडले असेल, तर त्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता का, हे प्रसूतीच्या कागदपत्रांवरून बालरोगतज्ज्ञांना विचारा आणि प्रत्येक भेटीत डोक्याचा घेर मोजून नोंदवून घ्या.