यवासवनी, द्राक्षासवनी आणि 'बिअर गाळणे'

प्रश्न असा आहे: नाशिकमधल्या एका मायक्रोब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवण्याच्या छोट्या कारखान्याची, माहिती मराठीत लिहायची आहे. सरकारी मराठीत ब्रुअरीला 'यवासवनी' म्हणतात. तोच शब्द घ्यावा का? आणि तिथे बिअर 'गाळतात' असं लिहिलं तर चालेल का?

आधी फोड करू. यव + आसवनी. यव म्हणजे जव, ज्याला आपण सातूही म्हणतो. (जवस वेगळे, ते चटणीचे.) याच साच्यातून वायनरीसाठी 'द्राक्षासवनी' आली, नाशिककरांच्या नजरेखालून ती कधी ना कधी गेली असेलच. गोंधळ होतो तो नुसत्या 'आसवनी'मुळे, कारण ती म्हणजे डिस्टिलरी. तिथे मद्याची वाफ करून ती पुन्हा थंड करतात. बिअर आणि वाइन यांच्या वाट्याला हा प्रकार येतच नाही, त्या नुसत्या आंबवलेल्या असतात.

तरीही शब्द घडवणाऱ्याला मी मोडीत काढणार नाही. औषधांच्या दुकानातलं द्राक्षासव आठवा: तेही आंबवलेलंच, वाफ न केलेलं. आयुर्वेदात आसव आणि अरिष्ट असा भेद आहे, आणि शार्ङ्गधरसंहितेत तो स्पष्ट सांगितला आहे. न उकळता आंबवलं तर आसव, काढा करून आंबवला तर अरिष्ट. बाळंतिणीला देतात ते दशमूलारिष्ट म्हणजे आधी दहा मुळांचा काढा, मग त्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवणं.

आता बिअर बघा. सातूला मोड आणून वाळवतात, तो झाला मॉल्ट. तो भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात ठेवला की पिठाची साखर होते. गोड पाणी निथळून घेतात, चोथा बहुधा गुरांच्या पुढ्यात जातो. मग ते पाणी तासभर हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) घालून खळखळ उकळतात: सुरुवातीला घातलेल्या हॉप्सनी कडवटपणा येतो, शेवटी घातलेल्यांनी वास. निवल्यावर यीस्ट. म्हणजे हा चक्क काढा! त्या हिशेबाने वाइन हे आसव आणि बिअर हे अरिष्ट. 'यवारिष्ट' जास्त काटेकोर झालं असतं, पण ते प्यायला कोण आलं असतं, हा प्रश्न उरतोच.

'गाळणे' मात्र टाळा. बिअर गाळून घेतात हे खरं, पण 'दारू गाळणे' म्हटलं की भट्टी आणि नळीतून थेंब थेंब गळणारी दारूच डोळ्यांपुढे येते. शिवाय आपल्या भागात 'गाळप' उसाचं नि द्राक्षांचं असतं. 'बिअर बनवतात' पुरेसं आहे. कृतीचं वर्णन असेल तर उकळणे, आंबवणे, आणि लागर बिअरसाठी मुरवणे. लागर हे नावच थंडीत साठवून ठेवण्यावरून पडलं आहे.

लेखात 'मायक्रोब्रुअरी' खुशाल लिहा. 'यवासवनी' परवान्याच्या संदर्भात एकदा आली की पुरे, आणि मोठ्याने वाचायची वेळ आली तर 'यवा-सवनी' असं तोडू नका.