मुलाच्या नावे एफडी? आधी पेन्शनचा हिशेब करा

पत्र: "मी केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आहे. धाकट्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, वय 31. आम्ही नसताना त्याची आबाळ होऊ नये म्हणून 60 लाखांची एफडी त्याच्या नावे करतोय. मुलगी म्हणते, आधी कुणाला तरी विचारा."

मुलीचं ऐका. तुम्हा दोघांच्या पश्चात या मुलाला तहहयात फॅमिली पेन्शन मिळू शकते, पण तिला उत्पन्नाची अट आहे. फेब्रुवारी 2021 पासून मर्यादा अशी: त्याचं इतर उत्पन्न, तुमच्या शेवटच्या मूळ पगाराचे 30 टक्के अधिक त्यावरचा महागाई भत्ता, याहून कमी हवं. पगार 60,000 धरला तर 18,000. त्यावर 58 टक्के भत्ता धरला तर 28,440. आणि 60 लाखांवर सात टक्क्यांनी व्याज येतं महिन्याला 35,000. म्हणजे हक्काची पेन्शन तुमच्याच मायेपोटी हातची जायची! स्वतःचा खरा आकडा (भत्ता सोडून) पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर (पेन्शन पेमेंट ऑर्डर), साध्या दराच्या फॅमिली पेन्शनपुढे बघा.

मग पैसा ठेवायचा कुठे? मृत्युपत्रातून खासगी ट्रस्टमध्ये, मुलगी आणि आणखी एक विश्वासू माणूस विश्वस्त. खर्च विश्वस्तांनी परस्पर करावा आणि किती, कधी हे त्यांच्या मर्जीवर सोडावं. "दरमहा अमुक रक्कम द्यावी" असं वाक्य मात्र टाळा. ते त्याचं नियमित उत्पन्न ठरू शकतं. मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. मृत्युपत्रच केलं नाही, तर वारसाहक्कानं त्याचा वाटा थेट त्याच्या नावावर येईल आणि गाडी पुन्हा तिथेच अडेल. (एफडीचं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, हेही अनेकांना उशिरा कळतं.)

पण खरी अडचण बहुतेक घरांत पैशांची नसतेच, कागदांची असते. आईवडील गेल्यावर बहीण प्रमाणपत्रासाठी धावत सुटते. तुम्ही हयात असतानाच अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्या. ते कायमस्वरूपी असेल तर पुन्हा तपासणी लागत नाही, तात्पुरतं असेल तर दर पाच वर्षांनी लागते. फॉर्म 4 (कुटुंबाच्या तपशिलाचा) भरून जुन्या कार्यालयामार्फत मुलाचं नाव पीपीओवर चढवून घ्या. त्याची पेन्शन कुणाच्या हाती द्यायची, ते नामनिर्देशनही त्याच वेळी लेखी द्या.

त्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खालचं हे प्रमाणपत्र पेन्शनसाठी ग्राह्य धरतात. अर्जाआधी आधार, अपंगत्व प्रमाणपत्र आणि पीपीओ यांवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळवून बघा. निम्मे अर्ज तिथेच रखडावेत अशा चुका असतात या.