शब्दचर्चा: वाडी हीच वाटिका

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "मुलीच्या शाळेच्या पाटीवर 'बालवाटिका' लिहिलंय. माझा पुतण्या गिरणाऱ्याला अंगणवाडीत जातो. बालवाटिका, बालवाडी, अंगणवाडी यांत फरक काय आणि शुद्ध मराठी शब्द कोणता?"

'शुद्ध' वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत हल्ली "आमची बालवाडी नाही हो, बालवाटिका आहे" असं सतत कानावर येतं. वाडी गरिबाघरची आणि वाटिका फी भरणाऱ्यांची, असा समज पसरतोय. भाषेला तो मान्य नाही.

वाडी ही वाटिकाच आहे. संस्कृत वाटिका, प्राकृतात वाडिआ, मराठीत वाडी. घटिकेची घडी झाली, शाटिकेची साडी झाली, तसंच हे. दोन स्वरांमधला ट मऊ होऊन ड झाला आणि शेवटच्या 'इका'चा 'ई' उरला. येवल्याला जाऊन आपण शाटिका मागत नाही, साडीच मागतो. मग चार वर्षांच्या मुलासाठीच संस्कृत रूप कशाला हवं? (पंचवटी म्हणजे पाच वाटिका, असंही काही जण सांगतात. तिथला वट वडाचा आहे. पाच वडांचा समूह तो पंचवटी, साधा द्विगु समास. वाटिकेशी त्याचा काही संबंध नाही.)

संस्कृतात वाट म्हणजे मुळात कुंपण, आणि कुंपणाने वेढलेली जागाही. वाडा त्याच कुळातला. म्हणून सराफ बाजारातला सरकारवाडा, धनगरांचा मेंढ्यांचा वाडा आणि कोकणातली माडांची वाडी ही सगळी भावंडं. देशावर वाडी म्हटलं की वस्ती डोळ्यांपुढे येते. समुद्राकडे गेलात, की वाडी म्हणजे बागही. घोलवडच्या चिकूच्या वाड्या तर प्रसिद्धच आहेत.

आता मुख्य तक्रार. इंग्रजी माहितीपत्रकांत आणि त्यांवरून उतरवलेल्या मराठी लेखांत अंगणवाडीचा अर्थ 'अंगणातला निवारा' असा छापतात, वर शब्द हिंदी असल्याचंही सांगतात. दोन्ही चूक. वाडीला निवारा हा अर्थ मराठीत नाही. शब्द मराठी आहे; हिंदीने तो घेऊन 'आंगनबाड़ी' केला. तो घडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बालवाडी उघडली तरी दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा शिकवणाऱ्या बायांनी शाळाच उचलून त्यांच्या दारात नेली. मुलं जिथे येतात ती मध्यवर्ती बालवाडी आणि बाई जिथे जाते ती अंगणवाडी, असा भेद तिथे पडला. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तिने हेच नाव देशभर नेलं.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या संस्थेला 'मुलांची बाग' (किंडरगार्टन) म्हटलं, त्यावरून बालवाडी आली असं विद्वान सांगतात. बालवाडीपुरतं मी ते मान्य करतो. अंगणवाडीसाठी मात्र नुसती बाग पुरत नाही. माझ्या मते अंगणवाडीतली वाडी बाग आणि वस्ती अशी दोन्ही आहे, आणि भर 'अंगण' या शब्दावर आहे. संस्कृतात अंगन म्हणजे चालण्या-फिरण्याची जागा. धातू अंग्, हिंडणे. ज्या जागेत मूल पहिली पावलं टाकतं तिचं नावच चालण्यावरून पडलंय! हा अर्थ टाकून 'निवारा' लिहिणाऱ्यांनी शब्दातलं चालतं मूल घरात नेऊन बसवलं.

वाटिका आजच्या मराठीत खरी जिवंत आहे ती रोपवाटिकेत. गिरणारे, पिंपळगावकडच्या शेतकऱ्याला 'बालवाटिका' म्हटलं की आधी तेच आठवणार. रोपवाटिकेत टोमॅटोचं रोप काही आठवडे वाढवायचं ते दुसरीकडे नेऊन लावण्यासाठी. वाडीतलं झाड तिथेच मोठं होतं. नेमका हाच वाद धोरणात आहे: मूल पुढच्या वर्गासाठी तयार करायचं, की आहे तिथेच वाढू द्यायचं? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं ११वं कलम तीन वर्षांवरच्या मुलांना प्राथमिक शिक्षणासाठी 'तयार करण्याची' भाषा करतं, आणि मोफत पूर्वशालेय शिक्षणाची सोय सरकार 'करू शकेल' म्हणतं. 'करील' म्हणत नाही. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयासाठी मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्या मुलांसाठी मात्र ४५व्या अनुच्छेदात राज्याने 'प्रयत्न करावा' एवढंच आलं. क्रियापदाच्या एका रूपाने केवढा फरक पडतो, हे माझ्यासारख्या शब्दवेड्याला कोणी सांगायला नको.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बालवाटिका म्हणजे पहिलीच्या आधीचा पूर्वतयारी वर्ग. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात तीन ते सहा वयासाठी बालवाटिका १, २ आणि ३ अशा पायऱ्या झाल्या. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. तिथे शिकवण्याबरोबर पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडल्यास मुलाला मोठ्या दवाखान्यात पाठवणं) हेही आहे. बालवाटिका आली शिक्षणाच्या घरातून. एकाच शब्दाची जुनी आणि नवी रूपं दोन खात्यांत वाटली गेली, आणि चार वर्षांचं मूल कोणाचं, हा प्रश्न दोन टेबलांमध्ये फिरत राहतो. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर त्याचा अर्थ फार रोकडा असतो: तिथल्या मुलाचा आहार आणि शिकणं सेविका व मदतनीस या दोघी बघतात, आणि त्यांना मिळतं त्याला पगार नव्हे, मानधन म्हणतात. 'मानधन' या शब्दावर स्वतंत्र लिहीन, राग खूप साठलाय.

तर ताई, शुद्ध-अशुद्ध काही नाही. बोलताना बालवाडीच म्हणा. शाळेत मात्र विचारा की मुलगी बालवाटिका एकमध्ये आहे, दोनमध्ये की तीनमध्ये, आणि वर्गावरच्या बाईंचं बालशिक्षणाचं प्रशिक्षण झालंय का. पुतण्याच्या अंगणवाडीला 'अंगणवाडी शाळा' म्हणू नका. नुसतं अंगणवाडी पुरे.