थेरपिस्ट व्हावं, विशेष शिक्षक व्हावं की आणखी काही?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा ९ वर्षांचा धाकटा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो नेहमीच्या शाळेत जातो आणि दिवसभर त्याच्याजवळ शॅडो टीचर, म्हणजे फक्त त्याच्या मदतीसाठी नेमलेल्या बाई, बसतात. शाळा त्याला सांभाळून घेते, पण वर्गातल्या एकाही मुलाचं नाव तो घरी घेत नाही. मला अशाच मुलांसाठी काम करायचंय. थेरपिस्ट व्हावं, विशेष शिक्षक व्हावं, की आधी शॅडो टीचर म्हणून काम करून बघावं? घरचे म्हणतात, थेरपीला मागणी आहे, तेच कर.

उत्तर : माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. तुझ्या तीन पर्यायांत नसलेला चौथा पर्याय मी सुचवेन : वर्गशिक्षिका हो. शिक्षणशास्त्राची नेहमीची पदवी घे, काही वर्षं तीस-चाळीस मुलांचा वर्ग सांभाळ आणि त्यावर विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घे. वाट लांबची आहे. पण तुझ्या भावासारख्या मुलाचा दिवस कसा जाणार, हे शाळेत सगळ्यात जास्त वर्गशिक्षकांच्या हातात असतं. आणि नेमकं हे काम येणारी माणसं फार कमी आहेत.

थेरपीची गरज मी नाकारत नाही. न बोलणाऱ्या मुलाला चित्रांतून किंवा टॅबवरून मागणं मांडता येऊ लागतं, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा स्पीच थेरपिस्टची चिकाटी असते. मात्र थेरपी आठवड्याचे काही तास आणि शांत खोलीत चालते. तिथे शिकलेली गोष्ट गोंगाटाच्या वर्गात आपोआप उतरत नाही. स्वमग्न मुलांच्या बाबतीत ही अडचण वारंवार दिसते. ते कौशल्य वर्गात वापरायची संधी कुणीतरी मुद्दाम निर्माण करावी लागते. तो माणूस वर्गातच हवा.

शॅडो टीचरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या भावाचं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं. अमेरिकेतले संशोधक मायकल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपंग मुलांना लागून सतत मदतनीस बसले की काय होतं, हे त्यांनी नेहमीच्या वर्गांत जाऊन पाहिलं. मूल वर्गमित्रांपासून तुटतं, प्रत्येक गोष्टीसाठी मोठ्या माणसाकडे बघू लागतं आणि वर्गशिक्षक नकळत त्याची जबाबदारी सोडून देतात, असं त्यांना आढळलं. मदतनीस वाईट असतात असा याचा अर्थ नाही. काही मुलांना त्यांची नितांत गरज असते. पण ‘तुम्ही त्याचं बघा, मी वर्गाचं बघते’ अशी वाटणी झाली, की मूल वर्गात बसूनही वेगळ्याच शाळेत शिकत राहतं. अनुभवासाठी काही महिने हे काम जरूर कर. मदत टप्प्याटप्प्याने कमी कशी करायची हे शिकवणारं कुणी तिथे असेल, तरच.

‘आमच्याकडे स्वमग्न मुलाला प्रवेश दिलाय’ एवढ्यावर शाळा खूश असतात, याचा मला मनापासून त्रास होतो. सर्वसमावेशक शिक्षणाचा, म्हणजे अपंग मुलांनीही नेहमीच्या वर्गात सगळ्यांबरोबर शिकण्याचा, जाहीरनामा स्पेनमधल्या सालामांका शहरात १९९४ मध्येच मंजूर झाला. पुढे २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराने त्याला कलम २४ मधून हक्काचं रूप दिलं. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१६ मध्ये आणखी स्पष्ट केलं : शिकवण्याची पद्धत आणि व्यवस्था न बदलता मुलाला नुसतं वर्गात आणून बसवणं म्हणजे समावेशन नव्हे.

मग बदलायचं काय? यातलं बरंचसं फार खर्चिक नाही. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावायचं, म्हणजे पुढे काय होणार हे मुलाला दिसतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांनी स्वमग्न मुलांसाठी उभ्या केलेल्या ‘टीच’ (TEACCH) कार्यक्रमाचा भर अशाच दृश्य मांडणीवर आहे. ‘चला, आवरा’ म्हणण्याऐवजी ‘पुस्तक मिटा’ म्हणायचं, थांबायचं, मग ‘वही काढा’. उत्तराला थोडा जास्त वेळ द्यायचा. गोंगाट असह्य झाला तर दाखवायला एक कार्ड आणि जाऊन बसायला एक शांत कोपरा. आवाज, उजेड, स्पर्श यांचा काही मुलांना होणारा त्रास म्हणजे नखरे नव्हेत. २०१३ पासून डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत तो स्वमग्नतेच्या निकषांमध्येच आहे. मधल्या सुट्टीची आखणी तर हवीच. मोठ्यांना ती मोकळीक वाटते, पण नियम न सांगता खेळ सुरू होतो, क्षणात बदलतो आणि स्वमग्न मूल भिंतीपाशी उभं राहतं. दोन-तीन मुलांचा ठरलेला खेळ, तोही त्याच्या आवडीच्या विषयाभोवती रचलेला, तिथे खूप काही करून जातो.

बाकीच्या मुलांनाही शिकवावं लागतं. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते : स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत, तसाच तोही इतरांना कळत नाही. म्हणून सगळा सराव एकट्या मुलाकडून करून घेणं अन्यायाचं आहे. वर्गशिक्षिका हे काम रोज करू शकते. आठवड्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञाला ते जमणं कठीण.

आता व्यवहाराचं. अभ्यासक्रमाचं शुल्क भरण्याआधी त्याला नियामक संस्थेची मान्यता आहे का, हे लेखी तपास. प्रात्यक्षिकं नेहमीच्या शाळेत होतात की फक्त विशेष शाळेत, हेही विचार. दुसरं असेल तर तुझ्या कामाला तो अभ्यासक्रम अपुरा पडेल. या कामात थकवा येतो, आणि पगार थेरपीच्या खासगी व्यवसायापेक्षा कमी असू शकतो. घरच्यांची ती काळजी मला रास्त वाटते, म्हणून हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून घे. दोन-तीन वर्षं शिकवल्यावरही तुझा कल थेरपीकडेच राहिला, तर तो रस्ता तेव्हाही खुला असेल, आणि वर्ग आतून पाहिलेली थेरपिस्ट शाळांना हवीच असते.

एक जपून सांगते. भावावरच्या मायेतून तू इकडे वळते आहेस, आणि ती माया मोलाची आहे. पण पुढे भेटणारी मुलं त्याच्यासारखी नसतील. एखादं अजिबात बोलणार नाही, एखादं अखंड बोलेल, एखादी मुलगी इतकी शांत असेल की तिची अडचण कुणाला दिसणारही नाही. आणि घरी तू त्याची शिक्षिका होऊ नकोस. त्याला ताई हवी आहे.

सुरुवात मात्र आजच करता येईल. निरीक्षणाच्या नोंदी ठेवायला तू शिकली आहेसच. शाळेची परवानगी घेऊन भावाच्या वर्गात एक दिवस मागे बस. तो बेचैन झाला तर त्याआधी काय घडलं, त्याने काय केलं आणि नंतर काय झालं, एवढंच लिही. वर्गशिक्षिका दिवसभरात त्याच्याशी थेट किती वेळा बोलल्या, तेही मोज. मग आई-बाबांसोबत त्यांना भेट आणि दोष न देता एवढंच विचार : रोज एक तास शॅडो टीचर दोन बाक मागे बसल्या, तर त्या तासाला भावाच्या शेजारी कोणतं मूल बसवता येईल?